सहा कळांची ‘भाषा’

मराठी टाइपरायटरवर ‘भाषा’ हा शब्द उमटवायला सहा कळा दाबाव्या लागत. अर्धा भ, तो पुरा करायला दांडा, मग खरा काना. पुन्हा अर्धा ष, दांडा, काना. ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मागून क. उच्चाराशी यंत्राला देणंघेणं नव्हतं. कागदावर आकार जुळला की झालं. पुढे कचेऱ्यांत आणि घरगुती डीटीपीच्या धंद्यात पीसी आले, टाइपरायटर अडगळीत गेले, पण त्यांची रीत नव्या पेटीत शिरली. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये ‘भाषा’ साठवली जाई ती याच सहा तुकड्यांत, तीही रोमन अक्षरांच्या घरात मराठी चित्रं बसवून. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर ‘मराठी’ शब्द उघडला की पडद्यावर ई, जे, के, बी, एच अशी अक्षरं उभी राहत. संगणकाकडून आपण बराच काळ देखण्या टाइपरायटरचंच काम करून घेतलं. त्याचा दोष यंत्रापेक्षा आपल्या कागदनिष्ठेकडे जास्त जातो, असं माझं मत आहे.

यावर म्हटलं जातं की तेव्हा दुसरा उपायच नव्हता. फॉन्टमध्ये घरं जेमतेम २५६, आपली जोडाक्षरं शेकड्यांनी, आणि विंडोजला देवनागरी मुळातून समजू लागली ती विंडोज २००० पासून, र. कृ. जोशींच्या ‘मंगल’ फॉन्टसह. हे खरंच आहे. पण वाट आधीच सापडली होती. ऐंशीच्या दशकात कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी ‘जिस्ट’ तंत्र घडवलं. ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. पीसीत जिस्ट कार्ड खोचलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. त्यामागची इस्की संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. तिच्यात ‘भाषा’चे चारच संकेत: भ, काना, ष, काना. आकार कसा दाखवायचा ते यंत्रानं पाहायचं. तरी ती सर्वत्र रुजली नाही. कार्डाला वेगळे पैसे पडत, हे एक कारण. दुसरं, नोकरीसाठी मिनिटाला ३० मराठी शब्दांचं प्रमाणपत्र मिळवलेल्या टंकलेखकाची बोटं जुन्या कळफलकाला सरावलेली. आणि मुख्य म्हणजे कामाचा शेवट सही-शिक्क्याच्या कागदावर होई. फायलीत नाव शोधता येतं का, हे विचारणार कोण? सी-डॅकच्याच विंडोजवरच्या आयएसएम या सॉफ्टवेअरमध्येही आकारांचे फॉन्ट द्यावे लागले, यातच सगळं आलं.

प्रकाशकांचा आक्षेप अधिक वजनदार आहे. पेजमेकरमध्ये पानं लावणाऱ्याला श्रीलिपी किंवा आकृतीचे फॉन्ट हवेच होते. त्यांच्यावाचून खिळ्यांच्या कटकटीतून दिवाळी अंक सुटले नसते. छापखान्यापुरता माझा आरोप मी मागे घेतो, कारण पुस्तक शेवटी कागदावरच टिकतं. याद्या आणि नोंदींचं तसं नाही. नावं अकारविल्हे लावणं, हवं ते शोधणं, यासाठीच तर संगणक घ्यायचा. आणि वेलांटी आधी, व्यंजन मागून अशा मजकुरात तेच धड होत नाही. त्या काळातल्या फायली युनिकोडमध्ये आणायला आजही कन्व्हर्टर लागतो, आणि तो चालवून झाला की मुद्रितशोधकाला पुन्हा पहिल्या ओळीपासून बसावं लागतं.