न ऐकणाऱ्याच्या पैशातला रेडिओ

इंग्लंडात टीव्ही बघायचा तर दरवर्षी लायसन फी भरावी लागते, हे सांगितलं की भारतातली मित्रमंडळी हसतात. (त्यांचे आईवडील मात्र हसत नाहीत. रेडिओचं लायसन काढायला पोस्टात जावं लागे, हे त्यांना पक्कं आठवतं!) एप्रिल २०२५ मध्ये इथली फी १७४ पौंड ५० पेन्स झाली. बीबीसी मुख्यतः याच पैशावर चालते आणि त्यातला एक हिस्सा ‘रेडिओ ३’ या अभिजात संगीताच्या केंद्राला जातो.

पीएच.डी.ला इथे आलो तेव्हापासून रात्री उशिरा काम करताना मी हे केंद्र ऐकतो. फुकट, कारण नुसत्या रेडिओचं लायसन १९७१ सालीच रद्द झालं. फी भरणारी बहुतेक घरं मात्र हे केंद्र कधी लावतही नाहीत. मग न ऐकणाऱ्याने पैसे का द्यायचे? प्रश्न रास्त आहे, आणि बराच जुनाही.

१९२२ साली बीबीसी सुरू झाली ती खाजगी कंपनी म्हणून. १९२७ पासून ती सार्वजनिक महामंडळ झाली. लोकांना काय हवंय त्यापेक्षा थोडं जास्त चांगलं द्यावं, असं तिचे पहिले महासंचालक जॉन रीथ मानत. त्याच वर्षी लंडनच्या ‘प्रॉम्स’ मैफिलींच्या मागे उभ्या असलेल्या कंपनीने अंग काढून घेतलं. १८९५ पासून चाललेल्या, स्वस्तात उभं राहून ऐकायच्या या मैफिली बीबीसीने चालवायला घेतल्या. १९३० मध्ये तिने स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्राही उभा केला.

२९ सप्टेंबर १९४६ रोजी ‘थर्ड प्रोग्रॅम’ सुरू झाला. महायुद्ध संपून जेमतेम वर्ष झालेलं, खाण्यापिण्याचं रेशनिंग चालू, आणि सरकारी परवानगीने चालणारी संस्था रोज संध्याकाळी संगीत, नाटकं आणि विद्वानांची व्याख्यानं ऐकवू लागली. तेव्हाचे महासंचालक विल्यम हेली यांच्या डोक्यात पिरॅमिड होता. तळाला हलकीफुलकी ‘लाइट’, मध्ये ‘होम’, वर ‘थर्ड’. श्रोता हळूहळू पायऱ्या चढत वर येईल, अशी आशा. झालं असं की बहुतेक श्रोते आपापल्या पायरीवरच आरामात बसले. टीव्हीचा खर्च वाढू लागल्यावर १९५७ मध्ये ‘थर्ड’चे आठवड्याचे तास चाळीसवरून चोवीसवर आले. त्याविरुद्ध झालेल्या चळवळीत टी. एस. एलियट यांच्यासारखे लोक होते, पण कपात टळली नाही. १९६७ मध्ये या सगळ्यातून आजचा ‘रेडिओ ३’ तयार झाला.

योगायोग पाहा. त्याच १९५७ साली आपल्याकडे काटा उलट्या दिशेने फिरला. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला मानाचं पान दिलं. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच वर्षीचा. संस्थानं विलीन होऊन राजाश्रय संपला होता, आणि कितीतरी गवयांची आणि वादकांची चूल आकाशवाणीमुळे पेटत राहिली. हे केसकरांचं श्रेय कुणी हिरावून घेऊ नये. पण त्यांनी चित्रपटसंगीतही जवळजवळ बंद केलं, आणि सगळा देश रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ ऐकू लागला! शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविधभारती सुरू करावी लागली.

मला यातून एक नियम दिसतो. सार्वजनिक पैशाने दार उघडं ठेवावं, पण कुणाची मान धरून आत ढकलू नये. हेलींच्या पायऱ्या लोक चढले नाहीत, तरी त्यांच्याकडे ‘लाइट’ चालूच होता. केसकरांनी तळमजलाच बंद केला.

आता तुम्ही म्हणाल, दार उघडं ठेवायला खाजगी केंद्र पुरे की! १९९२ मध्ये इथे जाहिरातींवर चालणारं ‘क्लासिक एफएम’ आलं आणि त्याचे श्रोते ‘रेडिओ ३’हून बरेच जास्त आहेत. केंद्र चांगलंच आहे. मात्र ते बहुतांशी ध्वनिमुद्रिका वाजवतं, आणि लांब रचनेतला एखादाच लोकप्रिय तुकडा निवडतं. बडा ख्याल गाळून नुसती द्रुत बंदिश ऐकवावी, तसं. ऑर्केस्ट्रा पोसणं, नव्या संगीतकाराकडून रचना लिहून घेणं, प्रॉम्सची प्रत्येक मैफल थेट ऐकवणं, हे जाहिरातींच्या हिशेबात बसत नाही. इंजिनिअर म्हणून आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९७२ मध्ये, म्हणजे सीडी बाजारात यायच्या दहा वर्षं आधी, बीबीसीने स्टुडिओतला आवाज दूरच्या प्रक्षेपकांपर्यंत डिजिटल पद्धतीने पोचवायला सुरुवात केली. त्या मागचं संशोधनही लायसनच्या पैशातलंच.

मार्च २०२३ मध्ये बीबीसीने १९२४ पासून चालत आलेलं आपलं ‘बीबीसी सिंगर्स’ हे व्यावसायिक गायकवृंद बंद करायचं जाहीर केलं. इतका गदारोळ झाला की काही आठवड्यांत निर्णय मागे घ्यावा लागला. ओरडणाऱ्यांपैकी किती जण त्यांना रोज ऐकत असतील? फार नसावेत. गावातल्या वाचनालयाचंही असंच असतं. वर्षानुवर्षं आपण तिकडे फिरकत नाही, पण ते बंद होणार म्हटलं की पोटात कालवतं. आपण नाही तर आपल्या पोरांपैकी कुणीतरी एक दिवस आत जाईल, ही आशा असते. न ऐकणारा पैसे देतो ते त्या पोरासाठी.