टच बार

टच बार ही ॲपल या अमेरिकी कंपनीच्या मॅकबुक प्रो लॅपटॉपांवर कळफलकाच्या सर्वांत वरच्या ओळीत बसवलेली स्पर्शसंवेदी पडद्याची अरुंद पट्टी होय. एस्केप, एफ१ ते एफ१२ या फंक्शन कळा आणि पडद्याची उजळता, आवाज इत्यादींची नियंत्रणे त्या ओळीतून काढून त्यांच्या जागी ही पट्टी देण्यात आली. तिची घोषणा २७ ऑक्टोबर २०१६ रोजी कूपर्टिनो येथील कार्यक्रमात झाली. २०२१ पासून ती नव्या प्रारूपांतून वगळली जाऊ लागली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती असलेल्या शेवटच्या प्रारूपाची विक्री कंपनीने थांबवली. लॅपटॉपवरील प्रत्यक्ष कळा हटवून स्पर्शाने चालणारी नियंत्रणे आणण्याच्या प्रयोगांमध्ये हा सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रयोग आहे.

रचना व कार्य

टच बार हा २१७० × ६० पिक्सेल क्षमतेचा ओएलईडी पडदा आहे. बोटाचा स्पर्श झाला की काचेखालच्या विद्युत क्षेत्रात जो बदल होतो, तो टिपून स्पर्शाची जागा ओळखली जाते. एकाच वेळी अनेक बोटांचे स्पर्शही तिला समजतात. पट्टीला चकाकी नसलेला लेप दिल्यामुळे ती दिसायला व हाताला शेजारच्या कळांसारखी वाटते. उजव्या टोकाला टच आयडी हा बोटाचा ठसा ओळखणारा संवेदक असून तोच संगणक चालू करण्याचे बटणही आहे.

सुरुवातीच्या प्रारूपांत ही पट्टी मुख्य प्रोसेसर थेट चालवत नसे. त्यासाठी टी१ नावाची स्वतंत्र चिप होती आणि तिच्यावर ॲपलच्या घड्याळासाठी बनवलेल्या वॉचओएसपासून तयार केलेली छोटी कार्यप्रणाली चालत असे. ठशांची माहिती याच चिपमधील सुरक्षित भागात राहत असे. २०१८ मध्ये टी१ ची जागा टी२ ने घेतली. २०२० च्या अखेरीस आलेल्या एम१ प्रोसेसरच्या प्रारूपात अशी वेगळी चिप उरली नाही.

पट्टीचे साधारणपणे तीन भाग पडत. डावीकडे एस्केप, उजवीकडे उजळता, आवाज, सिरी यांसारख्या सर्वसाधारण नियंत्रणांचा आटोपशीर संच आणि मध्ये चालू असलेल्या ॲपला मिळणारी जागा. सफारीत तेथे उघड्या टॅबची लघुचित्रे दिसत, चित्रफीत पाहताना मागेपुढे सरकण्याची पट्टी येई, मजकूर लिहिताना पुढील शब्दांच्या सूचना आणि इमोजी दिसत. एफएन कळ दाबून धरल्यास एफ१ ते एफ१२ यांची चित्रे उमटत. कोणती नियंत्रणे हवीत हे वापरकर्त्याला ठरवता येत असे. ॲप तयार करणाऱ्यांना पट्टीवर मनाजोगे काहीही रेखाटण्याची मुभा असल्याने २०१६ मध्येच एका विकसकाने तिच्यावर ‘डूम’ हा जुना खेळ चालवून दाखवला. साठ पिक्सेल उंचीत तो खेळणे अर्थातच कठीण होते.

पूर्वीचे प्रयत्न

ही कल्पना ॲपलची पहिली नव्हे. लेनोव्होने २०१४ च्या थिंकपॅड एक्स१ कार्बन या लॅपटॉपवर फंक्शन कळांऐवजी स्पर्शपट्टी दिली होती. चालू कामानुसार तिच्यावरील चिन्हे बदलत: ब्राउझरसाठी एक संच, व्हिडिओ बैठकीसाठी दुसरा. थिंकपॅडचा वापरकर्ता वर्ग कळफलकाबाबत विशेष चोखंदळ मानला जातो आणि त्याच प्रारूपात कॅप्स लॉकच्या जागी होम व एंड या कळा आणल्याने नाराजीत भर पडली. पुढच्याच वर्षी, २०१५ च्या प्रारूपात, लेनोव्होने फंक्शन कळा परत आणल्या. टच बार बाजारात आली तेव्हा हा अनुभव ताजा होता.

संपूर्ण कळफलकच काचेचा करण्याचे प्रयत्नही झाले. तोशिबाचा लिब्रेटो डब्ल्यू१०० (२०१०) आणि एसरचा आयकोनिया (२०११) यांत खालची बाजू दुसऱ्या पडद्यानेच व्यापलेली होती. लेनोव्होच्या योगा बुकवर (२०१६) सपाट पृष्ठभागावर प्रकाशाने उमटणारा कळफलक होता. त्यांच्या तुलनेत टच बारचा बदल मर्यादित होता: अक्षरे व अंक यांच्या कळा तशाच ठेवून केवळ एक ओळ बदलण्यात आली.

एस्केप कळीचा प्रश्न

सर्वाधिक आक्षेप एस्केप कळ नाहीशी झाल्याबद्दल होता. सामान्य वापरकर्ता ही कळ क्वचित वापरतो. पण ‘व्हिम’सारख्या मजकूर संपादकात काम करणाऱ्या प्रोग्रामरला ती दिवसातून असंख्य वेळा लागते, कारण लिहिण्याच्या अवस्थेतून आज्ञा देण्याच्या अवस्थेत जाण्याचा तो नेहमीचा मार्ग आहे. व्हिमचा पूर्वज असलेला ‘व्हीआय’ बिल जॉय यांनी एडीएम-३ए या टर्मिनलवर लिहिला आणि त्या टर्मिनलवर एस्केप कळ आजच्या टॅबच्या जागी, म्हणजे करंगळीच्या सहज आवाक्यात होती. चार दशकांत ती आधी दूर कोपऱ्यात गेली आणि २०१६ मध्ये काचेवरचे चित्र बनली.

अडचण केवळ सवयीची नव्हती. प्रत्यक्ष कळेवर बोट टेकवून ठेवता येते आणि दाब दिल्याशिवाय काही घडत नाही. पट्टीवर मात्र बोट टेकणे हीच आज्ञा ठरते. त्यामुळे अंकांच्या ओळीवर टंकलेखन करताना बोट जरा वर सरकले तरी सिरी सुरू होणे किंवा खिडकी बंद होणे असे प्रकार घडत. उलट हेतुपूर्वक केलेला स्पर्श नोंदला गेला की नाही, हे बोटाला कळत नसे. हा भाग विशेष नोंद घेण्याजोगा आहे, कारण ॲपलने २०१५ पासून आपल्या ट्रॅकपॅडमध्ये सूक्ष्म कंपनाद्वारे दाबल्याचा भास निर्माण करणारे तंत्र बसवले होते. ते टच बारला कधीच मिळाले नाही. एका त्रयस्थ ॲपने पट्टीला स्पर्श होताच ट्रॅकपॅड थरथरवून ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला.

कंपनीने मॅकओएस सिएरा १०.१२.१ मध्ये कॅप्स लॉकसारख्या कळेला एस्केपचे काम देण्याची सोय केली आणि अनेक प्रोग्रामरांनी तिचा आधार घेतला.

सुलभता

न पाहता टंकलेखन करणाऱ्यांना बोटांच्या स्मृतीवर अवलंबून राहावे लागते. चिन्हे ॲपनुसार जागा बदलू लागली की ही स्मृती निरुपयोगी ठरते आणि नजर पडद्यावरून कळफलकाकडे वळवावी लागते. दृष्टिबाधित व्यक्तींसाठी हा प्रश्न अधिक गंभीर होता. व्हॉइसओव्हर सुरू असताना पट्टीवर बोट ठेवल्यास त्या नियंत्रणाचे नाव ऐकू येई व दोनदा टिचकी मारून ते चालवता येई; अल्पदृष्टी व्यक्तींना पट्टीची मोठी प्रतिमा मुख्य पडद्यावर पाहता येत असे. या सोयी उपयुक्त असल्या तरी एका दाबाचे काम त्यांनी दोन-तीन टप्प्यांचे केले.

शब्दसूचनांमुळे परीक्षांतही प्रश्न उद्भवला. २०१७ मध्ये अमेरिकेतील काही राज्यांत वकिलीच्या परवाना परीक्षेला बसणाऱ्यांना टच बारवरील ही सुविधा बंद ठेवण्याची अट घालण्यात आली.

अंतर्गत विसंगती

टच बार मॅकबुक एअरला मिळाली नाही आणि ॲपलच्या स्वतंत्र कळफलकांवरही आली नाही. लॅपटॉप मिटवून बाहेरील पडदा व कळफलक वापरणाऱ्या व्यावसायिकाला ती दिसतच नसे. म्हणून ॲपलच्याच मार्गदर्शक सूचनांत विकसकांना सांगितले होते, की कोणतेही काम केवळ टच बारद्वारे करता येईल अशी रचना करू नये. परिणामी तेथील प्रत्येक गोष्ट अन्यत्रही उपलब्ध असे आणि पट्टी शिकून घेण्यास सबळ कारण उरत नसे. ध्वनी व चित्रफीत संपादनात तिचा खरा उपयोग होता, कारण सरकपट्टीचे काम कळेपेक्षा बोटाने अधिक बारकाईने होते. परंतु तेवढ्यासाठी सर्वांच्या कळा काढणे कितपत योग्य होते, हा मुद्दा उरतोच.

किमतीचाही प्रश्न होता. २०१६ मध्ये १३ इंची मॅकबुक प्रो टच बारविना १४९९ डॉलरला आणि टच बारसह १७९९ डॉलरला मिळे. या फरकात वेगवान प्रोसेसर व दोन अधिक पोर्टही समाविष्ट होते. नव्या रचनेच्या १५ इंची प्रारूपात मात्र टच बार नाकारण्याचा पर्यायच नव्हता. त्याच काळातील ‘बटरफ्लाय’ पद्धतीच्या कळांच्या बिघाडांची तक्रार अनेकदा टच बारच्या टीकेत मिसळली जाते. ते दोन वेगळे विषय आहेत.

माघार

नोव्हेंबर २०१९ मधील १६ इंची प्रारूपात एस्केप पुन्हा प्रत्यक्ष कळ झाली व टच आयडीचे बटण पट्टीपासून वेगळे झाले. मे २०२० मध्ये १३ इंची प्रारूपातही हाच बदल झाला. १८ ऑक्टोबर २०२१ रोजी सादर झालेल्या १४ व १६ इंची मॅकबुक प्रोवर पूर्ण उंचीच्या फंक्शन कळा परतल्या. १३ इंची प्रारूपात मात्र ती टिकून राहिली. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या एम२ आवृत्तीतही ती होती. या प्रारूपाची जागा ऑक्टोबर २०२३ मध्ये एम३ प्रोसेसरच्या १४ इंची लॅपटॉपने घेतली.

अन्य कंपन्या

डेलने २०२२ मध्ये एक्सपीएस १३ प्लस या लॅपटॉपवर फंक्शन कळांची ओळ स्पर्शाने चालणारी केली. तेथे पडदा नाही. ठरावीक चिन्हे खालून प्रकाशित होतात आणि एफएन दाबल्यावर फंक्शन कळा व माध्यम नियंत्रणे यांत अदलाबदल होते. चिन्हांची जागा निश्चित असल्याने ती लक्षात ठेवता येते. मात्र एस्केप व डिलीट या दोन्ही कळा याच ओळीत असल्यामुळे बोटाला न जाणवणाऱ्या कळेचा जुना आक्षेप तिच्याबाबतही घेतला गेला. त्यानंतरही २०२४ च्या एक्सपीएस १४ व १६ या लॅपटॉपांवर डेलने हीच रचना ठेवली.