आंशिक गुडघारोपणोत्तर रेंगाळती वेदना

आंशिक गुडघारोपणोत्तर रेंगाळती वेदना : गुडघ्याच्या सांध्याचा झिजलेला एकच कप्पा काढून त्या जागी धातू व प्लॅस्टिक यांचे कृत्रिम पृष्ठभाग बसविल्यानंतर, वरची जखम भरून येऊन रोगी चालूफिरू लागला तरी जी वेदना अपेक्षित मुदतीत ओसरत नाही, ती. वेदना ही केवळ मज्जातंतूंनी वाहून आणलेली संवेदना नसून तिच्यात भावनेचाही अंश असतो, हे आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने १९७९ मध्ये मान्य केलेल्या व २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येत स्वीकारलेले आहे. शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेली अथवा वाढलेली वेदना तीन महिन्यांहून अधिक काळ टिकल्यास तिची स्वतंत्र नोंद व्हावी, अशी तरतूद जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत असून ती जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे. तेव्हा चौथ्या महिन्यात ‘अजून दुखते’ असे सांगणारा रोगी हळवा किंवा आळशी ठरत नाही. त्याची तक्रार वैद्यकाच्या दप्तरी रीतसर दाखल होण्याच्या योग्यतेची आहे.

शस्त्रक्रियेचे स्वरूप व इतिहास : गुडघ्यात तीन कप्पे असतात. मांडीचे हाड व नडगीचे हाड यांच्यामध्ये आतल्या व बाहेरच्या बाजूस एकेक, आणि वाटी व मांडीचे हाड यांच्यामध्ये पुढचा तिसरा. संधिवाताची झीज पुष्कळ रोग्यांत प्रथम आतल्या कप्प्यात होते आणि पाय धनुष्याप्रमाणे बाहेर वाकू लागतो. अशा वेळी अन्य दोन कप्पे सुस्थितीत असतील आणि सांध्याच्या मध्यभागी एकमेकांस छेदून जाणारे बंध शाबूत असतील, तर सबंध सांधा न बदलता तेवढाच भाग बदलता येतो. विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात डंकन मॅकिव्हर यांनी नडगीच्या हाडावर बसविण्याची धातूची चकती प्रचारात आणली. पुढे लेनर्ड मार्मोर यांनी आठव्या दशकाच्या आरंभी दोन्ही हाडांच्या पृष्ठभागांसाठी सुटे भाग योजिले. आणि ऑक्सफर्ड येथे शल्यविशारद जॉन गुडफेलो व अभियंता जॉन ओकॉनर यांनी, दोन धातुपृष्ठांमध्ये सरकत राहणारी प्लॅस्टिकची चकती असलेला सांधा तयार केला. तो १९७६ मध्ये प्रथम वापरला गेला व १९८२ पासून एकाच कप्प्यासाठी बसविला जाऊ लागला. आंशिक व संपूर्ण रोपणांची तुलना करणाऱ्या, ब्रिटनमधील २७ रुग्णालयांतील ५२८ रोग्यांवर झालेल्या चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले; त्यांनुसार दोहोंचे फलित सारखेच समाधानकारक असून आंशिक रोपणाचा खर्च कमी ठरला.

मुंबईत झालेली गुडघ्याची सर्वांत गाजलेली शस्त्रक्रिया तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांची होय. ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचा डावा गुडघा १० ऑक्टोबर २००० रोजी व उजवा ७ जून २००१ रोजी बदलला. ती रोपणे संपूर्ण स्वरूपाची होती. तथापि देशाच्या पंतप्रधानांच्याही बाबतीत दोन गुडघ्यांमध्ये जवळजवळ आठ महिन्यांचे अंतर राहिले, ही गोष्ट महिन्याभरात पूर्ववत होण्याची अपेक्षा बाळगणाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

स्वाभाविक मुदत : आंशिक रोपणात छेद लहान असतो, रक्तस्राव कमी होतो व रोगी लवकर घरी जातो, म्हणून वेदनाही तितक्याच लवकर सरेल, असा समज होतो आणि पुढील निराशेचे बीज बहुधा त्याच समजात असते. पहिल्या दोन आठवड्यांत वेदना तीव्र असते. सहा आठवड्यांच्या सुमारास घरातील हालचाली सुलभ होतात. तीन महिन्यांच्या सुमारास बाहेरचे सामान्य व्यवहार साधतात. परंतु सूज, हाताला जाणवणारी ऊब, बराच वेळ बसून उठताना येणारा ताठरपणा आणि जिना उतरतानाची कळ ही लक्षणे हळूहळू कमी होत कित्येक महिने, क्वचित वर्षभरही, राहू शकतात. छेदाच्या बाहेरच्या बाजूस त्वचेचा एक पट्टा बधिर राहणे हे तेथून जाणारी मज्जातंतूची बारीक शाखा कापली गेल्याचे फळ असून ते कायम राहिले तरी अपायकारक नसते. संपूर्ण गुडघारोपण झालेल्यांविषयीच्या अभ्यासांचा २०१२ मध्ये घेतलेला आढावा असे दाखवितो, की सुमारे पाचांपैकी एकास दीर्घकाळ त्रासदायक वेदना राहते. असा रोगी एकाकी नाही, हे त्यास आरंभीच सांगितले जावे.

कारणे : आंशिक रोपणानंतर विशेषेकरून आढळणारी वेदना म्हणजे नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी, आतल्या अंगास, बोट ठेवून दाखविता येईल अशा जागी होणारी कळ. नव्या धातूच्या चकतीखालील हाडावर भाराची वाटणी बदलते व त्या भारास सरावण्यास हाडाला अवधी लागतो, हे तिचे एक मुख्य कारण मानले जाते. ती पुष्कळदा पहिल्या वर्षाच्या आत आपोआप निवळते. त्याच जागेजवळ चिकटणाऱ्या मांडीच्या स्नायुरज्जूंचा दाह, चकतीची कड अथवा बाहेर आलेले सिमेंट मऊ ऊतींस घासणे आणि मांडीच्या पुढील स्नायूंची दुर्बलता ही अन्य कारणे होत. याहून गंभीर कारणांत जंतुसंसर्ग, रोपण सैल होणे, चकतीखालील हाडास तडा जाणे, सरकती चकती जागेवरून निसटणे आणि न बदललेल्या कप्प्यात झीज वाढणे यांचा समावेश होतो. कधी वेदनेचे मूळ गुडघ्यात नसतेच; ते खुब्याच्या सांध्यात किंवा कमरेच्या मणक्यांत असते. शेवटी, शस्त्रक्रियेपूर्वी वर्षानुवर्षे दुखणे सोसलेल्या काही रोग्यांची मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील झालेली असते. मूळ इजा भरून आली तरी मज्जासंस्थेचे इशारे थांबत नाहीत. ही वेदना कल्पित नसते. ती खरीच असते, केवळ तिचा उगम झिजलेल्या हाडात उरलेला नसतो.

तपासणी : वेदना सतत आहे की भार टाकल्यावरच होते, रात्री झोपेतून उठविते काय, एका बिंदूशी आहे की सर्वत्र पसरलेली आहे, जळजळ व मुंग्या यांची तक्रार आहे काय, याच्या विचारपुशीतच निदानाचा मोठा भाग असतो. क्ष-किरण चित्रे, रक्तातील सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनाची मोजणी आणि संशय असल्यास सांध्यातील द्रव काढून केलेली जंतुपरीक्षा हा पुढचा क्रम होय. चकतीखाली क्ष-किरण चित्रात दिसणारी बारीक फिकट रेषा ऑक्सफर्ड पद्धतीच्या रोपणात पुष्कळदा निरुपद्रवी असते. तिच्यावरूनच रोपण सैल झाल्याचा निकाल देणे चूक ठरते. रोग्याच्या प्रगतीचे मोजमाप करण्यासाठी १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली बारा प्रश्नांची ऑक्सफर्ड गुडघा-प्रश्नावली उपयोगी पडते.

ताप, जखमेतून स्राव, वाढती लाली, पोटरीची दुखरी सूज, एकाएकी गुडघा अडकून बसणे किंवा त्यावर भार टाकताच न येणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी शल्यविशारदास दाखवावे. धाप लागणे किंवा छातीत दुखणे यांसाठी तर तत्काळ इस्पितळ गाठावे. अशा प्रसंगी हयगय करणे जोखमीचे असते.

उपचार व दिनचर्या : गंभीर कारणे वगळल्यानंतर उपचाराचा कणा म्हणजे मोजून वाढविलेली हालचाल. दुखते म्हणून पडून राहणाऱ्याचे स्नायू क्षीण होतात, क्षीण स्नायूंमुळे सांध्यावरचा ताण वाढतो व त्या ताणाने पुन्हा दुखते. उलट, बरे वाटले त्या दिवशी राहिलेली सारी कामे उरकणारा पुढचे दोन दिवस अंथरुणास खिळतो. म्हणून चांगल्या व वाईट अशा दोन्ही दिवशी झेपेल एवढे परिमाण ठरवून घ्यावे, ते आठवड्याने थोडे वाढवावे, आणि व्यायामाने वाढलेली वेदना दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वपदावर आली नाही तर परिमाण निम्म्यावर आणावे; पण व्यायाम सोडू नये. मांडीचा स्नायू आवळून धरणे, पाय सरळ ठेवून उचलणे, टाच बिछान्यावरून मागे सरकविणे आणि पुढे जागच्या जागी फिरणारी सायकल चालविणे हा सर्वसाधारण क्रम असून त्यात प्रत्येकाच्या प्रकृतीनुसार फेरफार करणे हे भौतिकोपचारतज्ज्ञाचे काम आहे. जिना चढताना धडधाकट पाय आधी व उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी टाकावा. काठी विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. विसाव्याच्या वेळी उशी घोट्याखाली घ्यावी. गुडघ्याखाली घेतलेली उशी त्या क्षणी सुखावह वाटते, परंतु तिच्या सवयीने पाय पूर्ण सरळ होईनासा होतो. सुती कापडात गुंडाळलेल्या बर्फाने पंधरा ते वीस मिनिटे शेकावे. बधिर पट्ट्यावर तो थेट ठेवू नये.

औषधांविषयी विशेष खबरदारी आवश्यक आहे, कारण वेदनाशामक गोळ्या औषधाच्या दुकानात सहज मिळतात व शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शिफारशीवरून घेतल्या जातात. पॅरासिटामॉलची निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा चार ग्रॅम असली तरी कृश, वृद्ध व यकृताचे विकार असलेल्यांसाठी ती याहून कमी असते. आणि सर्दीच्या व अंगदुखीच्या अनेक मिश्र गोळ्यांतही तेच द्रव्य असल्याने नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या दाहशामकांपासून जठर, मूत्रपिंड व हृदय यांस धोका संभवतो; रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करण्याची औषधे चालू असणाऱ्याने ती वैद्यास विचारल्यावाचून घेऊ नयेत. ट्रामाडॉलने चक्कर व बद्धकोष्ठ होऊ शकते व त्याची सवयही लागू शकते. जळजळ व मुंग्या यांवर प्रीगाबालिन, गॅबापेंटिन किंवा ड्युलोक्सेटिन काही रोग्यांत उपयुक्त ठरतात. ती तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावीत व एकाएकी बंद करू नयेत.

निद्रा व मन : अपुरी झोप वेदनेची धार वाढविते आणि वेदना झोप मोडते. हे दुष्टचक्र तोडणे हा उपचाराचाच भाग आहे. शस्त्रक्रिया वाया गेली, आता आयुष्यभर असेच चालणार, असा विचार मनात घर करून बसला की वेदना अधिक तीव्र भासते व हालचाल घटते. म्हणून खिन्नता व चिंता यांवर वेळीच इलाज करावा व त्यात कमीपणा मानू नये. तारीख, केलेले काम, सूज आणि शून्य ते दहा या मापाने वेदना अशी चार रकान्यांची वही ठेवल्यास दोन फायदे होतात. रोजच्या चढउतारांत न जाणवणारी महिन्याची सुधारणा डोळ्यांसमोर येते, आणि वैद्यास कैफियत नेमकी सांगता येते. कुटुंबीयांनीही सर्व कामे रोग्याच्या हातून काढून घेणे आणि ‘अमक्याचा गुडघा तर महिन्यात बरा झाला’ असा दाखला देणे, ही दोन्ही टोके टाळावीत.

बोरीवलीतील परिस्थिती : वरील पथ्ये राहत्या जागेच्या परिस्थितीशी जुळवून घ्यावी लागतात; मुंबईचे बोरीवली हे उपनगर याचे उदाहरण होय. या उपनगरात बऱ्या होणाऱ्या गुडघ्याची परीक्षा घराच्या दारातच सुरू होते. उद्वाहन नसलेल्या जुन्या इमारतींचे जिने, पावसाळ्यात ओल्या होणाऱ्या गुळगुळीत फरश्या, आरतीस वा पंगतीस जमिनीवर मांडी घालून बसण्याचा रिवाज आणि रेल्वे स्थानकावरील पूल ही येथील नित्याची स्थळे होत. मांडी घालणे व उकिडवे बसणे यांची मुभा रोपणाच्या प्रकारावर व सांध्याच्या लवचीकतेवर अवलंबून असते; ती शल्यविशारदाकडून स्पष्ट शब्दांत विचारून घ्यावी व तोपर्यंत खुर्ची, पाट नव्हे, वापरावी. प्रवास अटळ असेल तर गर्दीची वेळ टाळून, बोरीवलीहूनच सुटणारी लोकल धरावी, म्हणजे बसण्यास जागा मिळण्याचा संभव वाढतो. एप्रिल २०२२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या मेट्रोच्या २अ व ७ या मार्गांवरील स्थानके उन्नत असली तरी तेथे उद्वाहनांची सोय असल्याने जिन्याचा प्रश्न बराचसा सुटतो.

चालण्याच्या व्यायामासाठी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारखी जागा मुंबईत दुर्मिळ होय. मुख्य प्रवेशद्वारापासून आत जाणारा रस्ता वाहत्या रहदारीपासून अलिप्त व वृक्षच्छायेचा असल्याने, ठराविक झाडापर्यंत जाऊन परतणे व दर आठवड्यास पुढचे झाड गाठणे, अशी प्रगतीची आखणी तेथे सहज करता येते. कान्हेरीची लेणी मात्र प्रवेशद्वारापासून सुमारे सहा किलोमीटरांवर असून तेथील खडकात कोरलेल्या पायऱ्या उंचसखल आहेत. पहिल्या काही महिन्यांत तो मोह आवरावा. सार्वजनिक वैद्यकसेवेच्या दृष्टीने बोरीवली पश्चिमेस महापालिकेचे हरिलाल भगवती रुग्णालय आहे. पुनर्वसनास वाहिलेली, १९५५ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था हाजी अली येथे असून पश्चिम रेल्वेच्या महालक्ष्मी स्थानकावरून तेथे जाता येते.

पुनःशस्त्रक्रिया : आंशिक रोपण काढून संपूर्ण रोपण बसविणे तांत्रिक दृष्ट्या तुलनेने सोपे असल्याने वेदनेला कंटाळलेला रोगी व त्यास उत्तर देण्यास उत्सुक शल्यविशारद या मार्गाकडे लवकर वळण्याचा धोका असतो. संसर्ग, सैलपणा, निसटलेली चकती किंवा दुसऱ्या कप्प्यातील झीज असे निश्चित कारण सापडल्यास पुनःशस्त्रक्रियेने गुण येतो. परंतु कारण न कळलेल्या वेदनेसाठी केलेली पुनःशस्त्रक्रिया बहुधा निराशाजनक ठरते, आणि पहिल्या वर्षात ती करणे म्हणजे आपोआप निवळू शकणाऱ्या दुखण्यासाठी शाबूत सांध्याचा बळी देणे होय. अशा वेळी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्याचा रोग्यास पूर्ण अधिकार आहे.

मूल्यमापन : रेंगाळती वेदना निमूटपणे सोसणे हे धैर्य नव्हे आणि तिच्यामुळे शस्त्रक्रिया फसली असे मानणे हेही शहाणपण नव्हे. तिची रीतसर चौकशी व्हावी, धोक्याची कारणे निखालस वगळली जावीत, आणि त्यानंतर हाडास व स्नायूस सावरण्याची पुरेशी मुदत देऊन हालचाल रोज थोडीथोडी वाढवीत न्यावी, हाच आजच्या ज्ञानानुसार सर्वांत भरवशाचा उपाय होय.