किनाऱ्यास लागलेला माल : हक्क आणि दायित्व

पूर्णगड हा रत्नागिरीच्या दक्षिणेस, मुचकुंदी नदीच्या मुखाशी उभा असलेला लहानसा किल्ला. १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. आज त्याचे राजकीय महत्त्व उरलेले नाही. परंतु त्याच्यासमोरील समुद्राविषयीचा एक जुना प्रश्न मात्र नव्या स्वरूपात शिल्लक आहे. फुटलेल्या जहाजाचा माल कोणाचा?

१६७४ मध्ये राज्याभिषेकप्रसंगी हेन्री ऑक्झिंडेन रायगडी आला. वादळाने किनाऱ्यास लागलेली इंग्रजांची गलबते व माल परत मिळावा, असे एक कलम त्याच्या मागण्यांत होते. इंग्रजांच्या नोंदींप्रमाणे महाराजांनी त्यास हरकत घेतली. असे करणे कोकणच्या रिवाजाविरुद्ध होईल आणि ही सवलत इंग्रजांस दिल्यास फ्रेंच, डच इत्यादीही ती मागतील, असे त्यांचे म्हणणे होते. उभय पक्षांच्या दृष्टीने तो माल धनच होता. वाद होता तो हक्काचा.

१९५६ मध्ये अमेरिकेत ‘आयडियल एक्स’ या जहाजाने ५८ कंटेनर वाहून नेले आणि सागरी व्यापाराचे रूप पालटू लागले. समुद्रात पडलेला कंटेनर पुष्कळदा पाण्याच्या पातळीलगत तरंगत राहतो व रात्री दिसत नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एम. एस. सी. चित्रा’ व ‘खलिजिया-३’ यांची टक्कर होऊन शेकडो कंटेनर पाण्यात पडले व बंदरातील वाहतूक काही दिवस थांबवावी लागली. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ ‘एम. एस. सी. एल्सा-३’ हे जहाज ६४० कंटेनरांसह बुडाले. त्यांपैकी १२ कंटेनरांत कॅल्शियम कार्बाइड होते. पाण्याशी संयोग होताच त्यापासून ज्वालाग्राही वायू निघतो. प्लॅस्टिकचे बारीक दाणे केरळच्या किनाऱ्यावर पसरले. असा माल धन नव्हे, संकट होय.

कायद्याची दिशाही त्यानुसार बदललेली दिसते. २००७ च्या नैरोबी कराराने धोकादायक अवशेष शोधण्याचे, त्यांवर खूण करण्याचे व ते हलविण्याचे दायित्व जहाजमालकावर टाकले. १ जानेवारी २०२६ पासून कंटेनर पडताच जवळच्या जहाजांस व किनारी राष्ट्रास कळविणे कप्तानावर बंधनकारक झाले आहे.

सारांश, सतराव्या शतकात माल कोणी घ्यावा हा प्रश्न होता. आज तो कोणी काढावा हा आहे. परंतु कप्तानाची वर्दी राष्ट्रापर्यंत पोहोचली म्हणजे कार्य संपत नाही. ती पूर्णगडच्या खाडीतून पहाटे बाहेर पडणाऱ्या मच्छीमाराच्या होडीपर्यंत वेळेवर पोहोचली, तरच या नव्या दायित्वास अर्थ राहील.