कांदोळीची वाळू

आमच्या कणकुंबीच्या माथ्यावर पडणारा पाऊस दोन वाटांनी जातो. मलप्रभेचे पाणी पूर्वेस कृष्णेकडे वळते. कळशाचे म्हादईला मिळते, आणि तीच म्हादई पुढे मांडवी होऊन आग्वादजवळ समुद्र गाठते. वर्गात नकाशावर हा प्रवास दाखविताना माझे बोट नेहमी थोडे उत्तरेस, कांदोळीच्या पुळणीवर थांबते.

पावसाळ्यात दर्याने वाळू ओढून न्यावी आणि हिवाळ्यात परत आणून घालावी, हा तेथील जुना व्यवहार. त्याची ठेव वाळूच्या टेकड्यांत असे, व त्यांवर मर्यादवेल पसरे. नाव किती सार्थ! भरतीरेषेपासून ५०० मीटर जागा मोकळी राखावी, असे इंदिरा गांधींनी १९८१ साली राज्यांना लिहिले. १९९१ साली नियमही झाले. तोवर किनाऱ्यावर हॉटेले उभी राहिली होती.

मग जून २००० मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे अजस्र खनिजवाहू जहाज कांदोळीस रुतले. त्याच्या आडोशास वाळू साचली, शेजारच्या शिकेरीची धुपली. सारा दोष जहाजावर गेला. सपाट केलेल्या टेकड्यांविषयी फारसे कोणी बोलले नाही. २०१२ साली जहाज तोडून नेले. हॉटेलांच्या भिंती तेथेच आहेत.