जीपगाडीत डिझेल इंजिन आले ते कसे

जुनी जीप आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. काहींनी तिच्या मागच्या फळीवर बसून हाडे खिळखिळीही करून घेतली असतील. परंतु तिचे बॉनेट उघडले, तर मूळचे पेट्रोल इंजिन आत असेलच असे नाही. हा पालट कसा घडला ते सांगावयाचे आहे.

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचे इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर ६० अश्वशक्ती देई. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. पेट्रोल परवडत होते तोवर तिच्या खादाडपणाची फारशी फिकीर कोणी केली नाही. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि काही महिन्यांतच खनिज तेल सुमारे चौपट महागले. आपल्याकडे डिझेल मात्र सरकारी धोरणाने पेट्रोलपेक्षा स्वस्त ठेवलेले. भाड्याने माणसे वाहणाऱ्याचे गणितच फिरले.

मग मिस्त्री पुढे सरसावले. हाताशी असे ते ट्रॅक्टरचे इंजिन, म्हणजे लोखंडाचे धूडच! पुढचे पाटे दबत, ते वाढवावे लागत. इंजिनाचे पाय नव्याने जोडायचे. इंजिन व गिअरपेटी यांच्यामध्ये बसेल अशी जाड चकती लेथवर कातून घ्यायची. स्टार्टरसाठी मोठी बॅटरी घालायची. हे सारे कसबी हाताला साधे. खरी अडचण होती ती फेऱ्यांची. युद्धकाळातील जीपचे चाक एकदा फिरायला शाफ्टाला ४.८८ फेरे घ्यावे लागत. पेट्रोल इंजिनाच्या ४,००० फेऱ्यांवर गाडी ताशी सुमारे १०० किलोमीटर जाई. ट्रॅक्टरचे इंजिन घडवलेले दोन हजारांच्या आसपास राबण्यासाठी. म्हणजे वेग निम्मा. घाट चढायला गाडी बैलासारखी तयार, पण सपाटीवर मालवाहू ट्रकही तिला मागे टाकी. उपाय एकच, डिफरन्शियलचे दाते बदलणे. आणि चार चाकांना जोर देणाऱ्या या गाडीत तो पुढे व मागे दोन्हीकडे सारखाच करावा लागतो. खर्च दुप्पट!

१९७९ साली महिंद्रांनी फ्रान्सच्या प्यूजोकडून २,११२ घन सेंटीमीटरच्या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. ते चार हजारांवर सहज फिरणारे, त्यामुळे जीपच्या अंगाला बसले. इतिहास अशा करारांची नोंद ठेवतो. लेथवर चकती कातणाऱ्याचे नाव कोठेच नाही, याची मला खंत वाटते. नोंद होई ती नव्या इंजिनाच्या क्रमांकाची. १९३९ च्या मोटार कायद्याने असा बदल नोंदणीपुस्तकात चढवून घेणे भागच होते.

२०१४ साली डिझेलवरील दरनियंत्रण उठले आणि भावांतील अंतर आटले. आता जुन्या जीपचे शौकीन तेच टाकून दिलेले पेट्रोल इंजिन शोधीत भंगारबाजार पालथा घालतात.