नास्तिकाचं गोत्र

गडचांदुरात गणपतीच्या आधी पावतीपुस्तक घेऊन पोरं निघाली की सिमेंट कंपनीच्या वसाहतीत एखादं दार तरी असं लागतं, जिथे वर्गणीऐवजी उत्तर मिळतं, "आम्ही देव मानत नाही." फाटकाबाहेर आल्यावर पोरं निकाल देऊन मोकळी होतात, "नास्तिक हाय बा तो." आजच्या मराठीत निकाल बरोबरच आहे. पण हा शब्द घडला तेव्हा त्याचा देवाशी काही संबंध नव्हता.

पाणिनीच्या एकाच सूत्रातून तीन भावंडं निघाली: आस्तिक, नास्तिक आणि दैष्टिक. 'आहे' म्हणणारा आस्तिक, 'नाही' म्हणणारा नास्तिक आणि दिष्टावर, म्हणजे नशिबावर, भरवसा ठेवणारा दैष्टिक. (तिसरा शब्द मेला, माणसं घरोघर आहेत.) काय आहे आणि काय नाही, हे सूत्रात नाही. ते सातव्या शतकाच्या सुमाराच्या काशिकावृत्तीने भरलं: परलोक. माणूस मेला की मागे काही उरतं का, यमाच्या दारात नचिकेताने विचारलेला तोच प्रश्न. हो म्हणेल तो आस्तिक. ईश्वराबद्दल कुणी विचारतच नव्हतं.

मनुस्मृतीने मोजमाप बदललं. तिथे वेदाची निंदा करणारा तो नास्तिक. या मापाने चंद्रपूर ओलांडून नागपूरच्या वाटेवर लागणारी भद्रावती पाहावी: विजासनची बौद्ध लेणी आणि पार्श्वनाथाचं जैन मंदिर, दोन्ही ठिकाणं नास्तिकांची! भद्रनागाला नारळ फोडून तिथेही हात जोडणाऱ्या गावकऱ्यांना हे सांगून पाहा.

गंमत पुढे आहे. वेद मानायचा पण ईश्वर मानायचा नाही, असे लोक या व्याख्येतून सहीसलामत सुटले, आणि ते काही कोपऱ्यातले नव्हते. जुन्या सांख्यांना जग उलगडायला प्रकृती आणि पुरुष पुरले. यज्ञाचं शास्त्र सांगणारे मीमांसक तर कर्मकांडाचे कट्टर पहारेकरी, आणि त्यांनीच देवाला ताटावरून उठवलं. शबरस्वामींच्या भाष्यातला वाद आजही कुठल्याही स्वयंपाकघरात शोभेल. देवता जेवत नाही, कारण जेवली असती तर वाढलेलं कमी झालं असतं. समोरचा म्हणतो, मधमाशी फुलातला रस नेते तशी देवता अन्नाचा रस घेते, म्हणून तर नैवेद्य नंतर बेचव लागतो. शबर उत्तर देतात, बेचव लागतो तो वारा लागून गार झाल्यामुळे. मग यज्ञ कुणासाठी? वेदाने सांगितला म्हणून. फळ कर्मातून येतं, देवतेच्या मर्जीतून नाही.

सातव्या शतकातले कुमारिल भट्ट आणखी पुढे गेले. जग घडवणाऱ्याला शरीर होतं का? नसेल तर इच्छा कुठून आली, असेल तर ते कुणी घडवलं? कणव आली म्हणून जग केलं म्हणावं, तर प्राणीच नव्हते तेव्हा कणव कुणाची? आणि हेच कुमारिल श्लोकवार्तिकाच्या सुरुवातीला म्हणतात की मीमांसेला लोकांनी लोकायत, म्हणजे परलोक न मानणारं चार्वाकाचं मत, करून टाकलं होतं, तिला आस्तिकांच्या वाटेवर आणायची खटपट मी केली. निर्मात्याला नकार देणारा पंडित स्वतःला आस्तिकांचा रखवालदार समजतो आणि त्यात कुणाला विसंगती दिसत नाही. (त्याच ग्रंथाचं मंगलाचरण चंद्रकोर धारण करणाऱ्याला आहे, हेही सांगायला हवं. टीकाकारांनी त्यातूनही यज्ञाचा अर्थ काढून दाखवला.) हे वारं विदर्भालाही अनोळखी नसावं. नाटककार भवभूती पद्मपूरच्या सोमयाजी घराण्यातला; वा. वि. मिराशी ते गाव गोंदियातल्या आमगावजवळचं मानतात. 'मालतीमाधवा'च्या एका हस्तलिखितात तर त्याला कुमारिलांचा शिष्य म्हटलं आहे, त्यावर पंडितांचा वाद आहे.

देवाच्या बाजूने नैयायिक, म्हणजे तर्काचे पंडित, उभे राहिले. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली' हा ग्रंथच ईश्वरसिद्धीसाठी लिहिला. दोन्ही पक्ष वैदिक, दोन्ही आस्तिक, भांडण घरातलं.

मग शब्दाने घर कधी बदललं? माझ्या मते यज्ञकुंडं विझली आणि नाम पुढे आलं तेव्हा. गीतेच्या सोळाव्या अध्यायात जगाला ईश्वर नाही म्हणणारे आसुरी गणले आहेत, आणि शके 1212 मध्ये ज्ञानदेवांनी तो अध्याय मराठीच्या अंगणात आणला. विठ्ठल समोर उभा असताना परलोक आणि वेदप्रामाण्य यांवर कोण मोजणार? ज्याच्या मुखी नाम नाही, तोच मराठी माणसाला नास्तिक दिसू लागला.

पुढे सुधारक आगरकरांच्या वाट्याला हा नवा अर्थ आला. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. त्यांचे एकेकाळचे सोबती टिळक यांनी हिंदूची व्याख्या केली, तीत वेदप्रामाण्य आहे, साधनं अनेक आहेत, उपास्याचा नियम मात्र नाही. म्हणजे शबरस्वामी आत, आगरकर दाराबाहेर. सर्वोच्च न्यायालयाने 1966 साली स्वामीनारायण सत्संगींच्या खटल्यात हीच व्याख्या उचलून धरली. सावरकरांनी 1923 सालीच वेदाची अटही काढली होती; पितृभू आणि पुण्यभू एवढं पुरे. हिंदू विवाह कायदा 1955 चा. देव मानतोस का, हे तोही विचारत नाही.

चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी 'सर्वदर्शनसंग्रहा'त चार्वाकाला नास्तिकशिरोमणी ही पदवी दिली होती. आ. ह. साळुंखे यांनी आपल्या पुस्तकाचं नाव ठेवलं 'आस्तिकशिरोमणी चार्वाक'. पाणिनीच्या सूत्राला त्यात हरकत घेण्यासारखं काही नाही. काशिकाकारांना मात्र घाम फुटला असता.